पट्टीचा कापलेला कोपरा

माझ्या टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणात कागदाची एक पट्टी आहे. वीतभर लांब, चार बोटं रुंद, आता पिवळी पडलेली. तिच्यावर एका माणसाच्या हृदयाचे चार ठोके उमटलेले आहेत आणि त्यातल्या एका ठोक्यावर शिसपेन्सिलीने मारलेल्या दोन बारीक उभ्या रेघा आहेत. पट्टीचा उजवा खालचा कोपरा तिरका कापलेला आहे. तो मी कापला. त्या दोन रेघांवर एका ऊसतोड करणाऱ्या माणसाचं जगणं ठरलं, आणि त्या रेघा मी मारल्या असं मी पंचवीस वर्षं सांगत आलो. मी मारल्या नव्हत्या.

हे लिहायला बसताना वाटलं होतं की हात जड होईल. झालं उलटंच. ते दिवस आठवले की अजून छातीत धडधडायला लागतं, आणि माझ्या वयाला ते बरं नाही हे मला कोणी सांगायची गरज नाही, कारण आयुष्यभर मी लोकांना तेच सांगत आलो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नगरला माझा दवाखाना होता. खाली तपासणीची खोली आणि वर इको मशीन. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर गार जेल लावायचं, प्रोब टेकवायचा आणि स्क्रीनवर आतलं हृदय उघडझाप करताना बघायचं. माझं मशीन मुंबईहून जुनं घेतलेलं होतं. टेम्पोत गाद्यांच्या मधे ठेवून आणलं होतं आणि जिना चढवताना चार माणसांनी माझ्या खानदानाचा उद्धार केला होता. तरी मला त्याचा अभिमान होता. एवढं मोठं काही करायचं झालं की लोक पुण्याला पळत. आता पुण्याला न जाता नगरलाच हृदय दिसतं, असं मी ज्याला त्याला ऐकवत असे.

वरच्या खोलीत माझ्या एक मदतनीस होत्या. तिशीच्या आतबाहेर, बी.एस्सी. झालेल्या, नगरच्याच एका बौद्ध वस्तीतल्या. वडील रेल्वेत गँगमन होते. ईसीजी काढणं, इकोच्या वेळी मशीनची बटणं सांभाळणं, कागदाच्या पट्ट्या काढून फाइलला लावणं हे त्यांचं काम. तेव्हा मी त्यांना अगं-तुगं करत असे. इथे 'त्या' लिहितो आहे. हीसुद्धा दुरुस्तीच समजा.

दसरा दोन आठवड्यांवर आला होता तेव्हा तो माणूस आला. खर्ड्याच्या पुढे दोन कोसांवरच्या गावातला, चाळिशीचा, उंच, रुंद हाडाचा. खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला होता. बोलायला गेला की अर्ध्या वाक्यात दम संपायचा. म्हणून त्याची बायकोच बोलली. जुने ईसीजी तिने दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून आणले होते.

"निजता येत न्हाई यानला. उशाला तीन पोती लावली तरी बसूनच झोपत्यात. गेल्या साली मोळी डोक्यावर घिऊन फळीवरून ट्रकात चढत हुते. आवंदा चप्पल घालायला दम लागतोय."

"मोळी किती किलोची असते?" मी सहज विचारलं.

"आता ती मी काय तराजूत घातली व्हती व्हय? तुमच्यापेक्षा थोडी हलकी आसंल."

दम लागत असूनही नवरा हसला. मग खोकला. ती त्याची पाठ चोळत म्हणाली, "आमचा एक कोयता हाय, डाक्टर. तेवडा मोडू दिऊ नका."

नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, बाहेरच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणूस वाकून ऊस तोडतो, बाई मागोमाग पाला काढून मोळी बांधते. दोघांचा हात एकाच वेळी चालावा लागतो. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांत. जोडीतला एक गेला की उरतो अर्धा कोयता, आणि त्याला टोळीत कोणी घेत नाही. पण ती बाई मुकादमाचं बोलत नव्हती. नवऱ्याची पाठ ती ज्या हाताने चोळत होती, त्यावरून ते कळत होतं.

मी तपासलं. हृदय फुगून सैल झालं होतं. ईसीजीवर ठोक्याची रेघ रुंद झालेली होती, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला वीज नेणारी वाट बंद पडली होती. इको चालू असतानाच खालून हाक आली, कोणाला तरी चक्कर आली होती. "तू पट्टी काढून ठेव," असं सांगून मी खाली धावलो. वर त्या, तो माणूस आणि त्याची बायको एवढेच राहिले. परत आलो तेव्हा इकोची पट्टी निघाली होती; हृदयाच्या भिंतींची हालचाल तिच्यावर रेघांत उमटते. मी रिपोर्ट लिहिला: हृदय सर्व बाजूंनी कमजोर. गोळ्या लिहून दिल्या आणि त्याला खालच्या खोलीत दाखल करून घेतलं. गोळ्यांनी फार तर काही महिने निघतील, हे मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका मोठ्या हृदयतज्ज्ञांनी आम्हा जिल्ह्यातल्या डॉक्टरांना पुण्याला बोलावून एक गोष्ट सांगितली. परदेशात एक नवा पेसमेकर निघाला होता, तीन तारांचा. साधा पेसमेकर थांबणाऱ्या हृदयाला चालतं ठेवतो. हा नवा मात्र हृदयाच्या दोन्ही बाजूंना एकदम वीज देऊन त्यांना एका तालात आणतो. त्यांना असं एक यंत्र विनामूल्य मिळालं होतं आणि त्यांनी ते एका रुग्णाला बसवलं होतं. काही फरक पडला नव्हता. आता दुसरं आलं होतं.

"ज्याला नक्की उपयोग होईल असा माणूस मला द्या," ते म्हणाले. "आणि का उपयोग होईल ते दाखवा. ईसीजी रुंद आहे एवढ्यावर मी आता जाणार नाही. पहिल्याचाही रुंदच होता. महिनाअखेरपर्यंत थांबतो, नंतर ते यंत्र दुसऱ्या शहरात जाईल."

मी नगरला परतलो तो हात टेकूनच. आधीच कसं सांगणार? ज्यांनी ते यंत्र बनवलं त्यांनाही सांगता येत नव्हतं. खाली खर्ड्याकडचा माणूस खाटेवर बसून झोपत होता आणि त्याची बायको दर राउंडला विचारत होती, "उतार पडंल ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या खोलीतून त्या खाली आल्या. हातात ती पट्टी होती.

"सर, हा कोयता जमत नाही."

"कसला कोयता?"

"ह्या दोन भिंती, सर. वरची रेघ मधल्या पडद्याची, खालची मागच्या भिंतीची. चांगल्या हृदयात दोघी एकदम जवळ येतात, टाळी वाजवल्यासारख्या. इथे पडदा आधी आत येतो, परत फिरतो, आणि मग मागची भिंत निघते. हा तोडून मोकळा झाला तरी ती मोळीला वाकलेलीच नाही. ताकद दोघींत आहे, सर. वाया जातेय."

मी काय केलं ते लिहितो. मी म्हणालो, "रिपोर्ट मी लिहिला आहे. तू बटणं बघ." आणि ती पट्टी टेबलाखालच्या टोपलीत टाकली.

त्या वाकल्या, टोपलीतून पट्टी उचलली, पदराने पुसली आणि वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो तर तपासणीच्या खाटेवर चादर सरळ करून तिच्यावर पट्ट्या मांडलेल्या होत्या. एका खाली एक, वीसेक तरी असतील. मी टाकून दिलेल्या पट्ट्या त्या कितीतरी दिवस चपलांच्या एका खोक्यात जमवत होत्या. प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कागदाचा वेग लिहिलेला आणि खाली त्यांची सही. हातात कंपासपेटीतला कर्कटक होता, शाळेतल्या मुलांचा असतो तसा.

"फक्त बघा, सर. पाच मिनिटं."

त्यांनी कर्कटकाचं एक टोक वरच्या रेघेच्या टोकावर ठेवलं, दुसरं खालच्या रेघेच्या टोकावर, आणि ते तसंच उचलून फूटपट्टीवर मोजलं. धडधाकट माणसांच्या पट्ट्यांवर दोन मिलिमीटर, तीन मिलिमीटर. कमजोर हृदयांतही पुष्कळदा तीन-चारच. आणि मग खर्ड्याच्या माणसाची पट्टी. कर्कटकाचे पाय एवढे फाकले की मला आधी वाटलं, हात चुकला. वीस मिलिमीटर! एक भिंत काम उरकून बसली होती आणि दुसरीला अजून निरोपच पोचला नव्हता.

"परत मोज," मी म्हणालो.

"परत वीस."

"दुसऱ्या ठोक्यावर."

"एकोणीस."

मी खाटेच्या कडेला उकिडवा बसलो आणि कर्कटक त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. आम्ही सगळ्या पट्ट्या पुन्हा मोजल्या. खालून दोनदा बोलावणं आलं, मी दोनदा "आलो" म्हणालो आणि गेलो नाही. त्यांचा डबा खिडकीत तसाच राहिला. पुण्याच्या यंत्राचं मी सगळ्या दवाखान्याला सांगितलं होतं; मग त्यांनीच ती गोष्ट म्हटली, जिच्यासाठी मी पुण्याहून रिकाम्या हातांनी आलो होतो:

"सर, ते यंत्र दोघींना जोडतं ना? मग जिथे अंतर आहे तिथेच त्याचा उपयोग. जिथे अंतरच नाही तिथे ते काय जोडणार?"

एवढं सोपं होतं! मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागलो. उद्याच पुण्याला जातो म्हणालो. त्यांनी खर्ड्याच्या माणसाच्या पट्टीवर पेन्सिलीने त्या दोन उभ्या रेघा मारल्या, नीट, फूटपट्टी धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी मी ती पट्टी पाकिटात घालताना कोपऱ्यातली सही पाहिली. टेबलावर बँडेज कापायची कात्री होती. मी मनाशी म्हणालो, पुण्याच्या माणसाला मदतनिसाचं मोजमाप दाखवलं तर तो हसेल, यंत्र जाईल आणि रुग्णाचं नुकसान होईल. रुग्णासाठीच करतोय. आणि कोपरा कापला. हे कारण मी त्या सकाळी काढलं आणि पुढे पंचवीस वर्षं वापरलं. खरं कारण मला कात्री उचलतानाच माहीत होतं. ती सही एखाद्या डॉक्टरच्या मुलीची असती, माझ्या जातीतल्या कोणाची असती, तर मी ती अभिमानाने दाखवली असती. आमच्याकडे किती हुशार माणसं आहेत बघा, म्हणून.

एसटीत खिशातला कर्कटक सारखा टोचत होता. तेवढा मात्र मी त्यांचाच नेला होता.

पुण्याच्या त्या डॉक्टरांनी पट्टी खिडकीजवळ नेली, चष्मा कपाळावर चढवला आणि ती उजेडात धरली. मी कोयत्याची गोष्ट सांगितली. आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोला कोयता म्हणतात, आणि हा कोयता जमत नाही, असं. ते वळून मोठ्याने हसले.

"वा! हे कोणाला सुचलं?"

"मलाच."

"आणि मोजमाप?"

"मीच."

दोन शब्द. एवढे सहज निघाले की मलाच नवल वाटलं.

त्यांनी लगेच शिपायाला पहिल्या रुग्णाची फाइल आणायला सांगितली. ज्याला यंत्र बसवून उपयोग झाला नव्हता, त्याची. फाइलमध्ये बसवण्याआधीची पट्टी होती. मी कर्कटक काढला. टोकं ठेवली, मोजलं. तीन मिलिमीटर! त्याच्या दोन्ही भिंती आधीपासूनच बरोबर चालत होत्या. जोडायला काही नव्हतंच! ते डॉक्टर एकदम खुर्चीतून उठले.

"थांबा, थांबा. आमचा कागद सेकंदाला शंभर मिलिमीटरने चालतो, इथे छापलंय बघा. तुमच्या पट्टीचा वेग किती?"

माझ्या मशीनला दोन वेग होते, शंभर आणि दोनशे. शंभरला वीस मिलिमीटर म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, दोनशेला त्याच्या निम्माच. बटण माझ्या मदतनीसच फिरवायच्या. मी कधी विचारलं नव्हतं. आणि वेग लिहिलेला होता त्या कोपऱ्यात, सहीच्या वर. तो कोपरा नगरला माझ्या टेबलाखालच्या टोपलीत पडला होता.

"शंभर असावा," मी म्हणालो.

"असावा?" ते म्हणाले. "डॉक्टर, मी एका माणसाच्या छातीत तीन तारा घालणार आहे. आणि दुसऱ्याच्या नाही घालणार. असावा म्हणून कसं चालेल? मोजलंत तुम्ही ना?"

त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. मी नगरला लावला. मदतनीस बाईंनीच उचलला.

"पट्टीचा वेग काय होता गं?"

"कोपऱ्यात लिहिलाय की, सर. सहीच्या वर."

समोरचे डॉक्टर माझ्याकडे बघत होते.

"सापडत नाही," मी म्हणालो.

फोनवर थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं, त्या फोन ठेवतील. त्यांनी ठेवला असता तर मी काय करणार होतो?

"शंभर, सर," त्या म्हणाल्या. "मशीनच्या वहीतही लिहून ठेवलंय. खाली पेशंटजवळ मावशी बसल्यात. त्यांना सांगू का, यंत्राचं होतंय म्हणून?"

"सांग," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कोण होतं?"

"मदतनीस."

"हुशार दिसतात."

"हो. बटणं बरोबर दाबतात."

सगळ्यांत जास्त मला हे वाक्य बोचतं. 'मीच' म्हणालो तेव्हा निदान त्यांनी मला ऐनवेळी वाचवलेलं नव्हतं.

यंत्र मिळालं. चार दिवसांनी खर्ड्याच्या माणसाला जीपने पुण्याला नेलं. बाई सगळी वाट त्याच्या पाठीशी उशी धरून बसली होती. तारा घालायला अर्धा दिवस लागला. त्यातली डावीकडची तार शिरेतून पुढे सरकेना, डॉक्टरांचा घाम टिपायला एक नर्स वेगळी उभी होती. दुसऱ्या दिवशी यंत्र चालू करून इको करायचा होता आणि प्रोब मी धरायचा होता.

तो क्षण मी कितीदा सांगितला असेल! आधी यंत्र बंद होतं. स्क्रीनवर तेच चित्र: वरची रेघ आत येते, फिरते, खालची उशिरा. मग पुण्याच्या डॉक्टरांनी बटण दाबलं. एक ठोका गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्या ठोक्याला दोन्ही रेघा एकमेकींकडे धावल्या. एकदम! मी ओरडलोच, "जमला! कोयता जमला!" खाटेवरचा माणूस दचकला.

"काय जालं? काय मोडलं का?"

"मोडलं नाही, बाबा. जुळलं!"

"मंग वरडताय कशाला? जीव गेला माजा," तो म्हणाला. आणि आम्ही सगळ्यांनी एकदमच ऐकलं, त्याने हे अख्खं वाक्य एका दमात म्हटलं होतं.

आठवड्याने तो एका उशीवर झोपला. महिन्याने नगरच्या स्टँडपासून दवाखान्यापर्यंत चालत आला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून खाली बायकोला म्हणाला, "ये की लवकर! का तुला बी बसवायचं यंतर?" त्या हंगामात ते गेले नाहीत. पुढच्या हंगामात गेले, राहुरीकडच्या एका कारखान्यावर. डाव्या हाताने वजन उचलायचं नाही, मोळी डोक्यावर घ्यायची नाही, असं मी बजावलं होतं. म्हणून त्यांनी कामं बदलून घेतली. ऊस बाई तोडायची, पाला काढून मोळी तो बांधायचा. टोळीतले लोक हसले, पण मुकादमाने कोयता पूर्ण धरला.

नगरच्या डॉक्टरांनी माझा सत्कार केला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. मी ती पट्टी दाखवली, कोयत्याची गोष्ट सांगितली आणि टाळ्या घेतल्या. मागच्या रांगेत चहाच्या कपांशेजारी त्या बसल्या होत्या. पुण्याच्या डॉक्टरांना ही नोंद एका वैद्यकीय अंकाला पाठवायची होती. अंकवाल्यांनी मूळ पट्टी वेगाच्या नोंदीसकट मागितली. ती नोंद नव्हतीच. मशीनची वही पाठवा म्हणाले, पण तिच्यात प्रत्येक ओळीखाली सही माझ्या मदतनिसांची होती. मी वही हरवली म्हणून कळवलं. अशा रीतीने मी सही लपवायला कोपरा कापला आणि त्याबरोबर पुरावाही कापून टाकला. पुढे काही वर्षांनी परदेशातल्या लोकांनी हेच अंतर मोजून तेच म्हटलं. त्यानंतर हेही दिसलं की हे मोजमाप सगळ्यांना लागू पडत नाही, हृदय इतकं सरळ नाही. तेही इथे लिहून ठेवतो. पण आमच्या त्या एका माणसाच्या बाबतीत ते लागू पडलं होतं, आणि ते आधी सांगितलं गेलं होतं. माझ्याकडून नाही, एवढंच.

दोन वर्षांनी त्या माझ्याकडची नोकरी सोडून राहुरीच्या एका दवाखान्यात गेल्या. मी कारण विचारलं नाही.

गेल्या महिन्यात, इथपर्यंत लिहून झाल्यावर, मी मुलाला घेऊन राहुरीला गेलो. त्या आता निवृत्त आहेत. ओसरीत हरभरा सोलत बसल्या होत्या, केस पांढरे झालेले. मी चहा घ्यायच्या आधीच कागद काढले आणि सगळं वाचून दाखवलं. मधे त्यांनी एकदाच थांबवलं.

"हे 'त्या' 'त्या' कोण, सर? मला वाटलं, दुसरीच कोणी बाई होती."

मी शेवटपर्यंत वाचलं. "माफ करा," असं म्हणणार होतो, पण त्याआधी त्याच बोलल्या.

"कोपरा कापलाय ते मला फोनवरच कळलं होतं. राग आला होता. पण खाली मावशी बसल्या होत्या, मग शंभर म्हटलं." मग म्हणाल्या, "पण सर, तुम्ही लिहिलंय त्यात अजून एक चूक आहे."

"कुठली?"

"कोयत्याचं मी नाही म्हटलं. तुम्ही खाली गेला होतात तेव्हा मी पट्टी काढत होते आणि मावशी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्याच म्हणाल्या, 'ताई, ह्यो कोयता जमंना. वरला तोडून मोकळा जाला, खालचा आता कुटं वाकतोय.' तोपर्यंत मी रोज पट्ट्या काढत होते, पण दोन रेघा एकत्र कधी बघितल्या नव्हत्या. त्यानंतर खोकं काढलं आणि मोजायला बसले."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"माझं म्हणून सांगितलं तर तुम्ही पट्टी टोपलीत टाकलीत. ऊसतोडीच्या बाईचं म्हटलं असतं तर मलाच टाकलं असतंत." हरभऱ्याचं टरफल त्यांनी बाजूला सारलं. "आणि खरं सांगू का, सर? ते माझंच आहे असं मलाही वाटायला लागलं होतं."

त्या आणि मी गेल्या रविवारी खर्ड्याच्या पुढे त्या गावाला गेलो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. "नऊ हंगाम निगालं त्यांचं, पुना यंतर बदलून," बाई म्हणाल्या. काळ त्या वर्षांनी नाही, हंगामांनी मोजत होत्या. दारासमोर लिंबाखाली खाट टाकली, तांब्या आणला. मला त्यांनी ओळखलं नाही, ताईंना लगेच ओळखलं आणि दोन्ही हातांनी त्यांचे गाल धरले.

मी पाकिटातून पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. काय आहे ते सांगितलं नाही. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. रेघा आता फिकट झाल्या आहेत, मला चष्म्यातूनही नीट दिसत नाहीत. मी त्यांच्याकडे बघत होतो, जसा पुण्याला त्या खिडकीपाशी बघत होतो. त्यांचं बोट वरच्या रेघेवरून सरकलं, पेन्सिलीच्या पहिल्या खुणेपाशी थांबलं, मग खालच्या रेघेवर गेलं.

"ह्यो आमच्या मालकाचा," त्या म्हणाल्या. "ह्यो बगा, मागं पडलाय."

ताई माझ्याकडे बघून हसल्या. मी बाईंना विचारलं, तेव्हा असंच म्हणाला होतात, आठवतं का?

"म्हनलं आसंल. त्यात काय? समूर दिसतच हुतं की." त्यांनी पट्टी माझ्या हातात परत दिली. "तुमाला बी दिसलंच आसंल, डाक्टर. तुमी तर शिकलेलं."

"नाही," मी म्हणालो. "मला दिसलं नव्हतं."